धर्माच्या गायीचे दात

धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत, असं आपल्याकडे जुनी माणसं सांगत आली. गाय फुकट मिळाली आहे ना, मग मुकाट्याने दावं धरावं आणि तिला घरी न्यावं. तिचा जबडा उघडून पाहू नये. विचार अतिशय सुसंस्कृत आहे. माझी पंचाईत एवढीच, की गेली नऊ वर्षं मी रोज सकाळी साडेनऊ ते साडेअकरा एका धर्माच्या गायीचे दात मोजतो. शिवाय जगभरातून जे लोक 'खालचा तिसरा दात हलतोय' असं कळवतात, त्यांची पत्रं नीट लावून ठेवतो. आणि हे सगळं अर्थातच फुकट.

सौ. याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणते. पण तिच्या मते तीही उपमा मला जरा मोठीच होते. "लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा निदान भाकऱ्या तरी भाजतो. तुम्ही नुसती कुठली भाकरी करपली त्याची यादी करता!"

हा उद्योग मला लागला तो भाच्यामुळे. बँकेत एकतीस वर्षं काढून मी निवृत्त झालो. त्यातली शेवटची आठ वर्षं तक्रार निवारण कक्षात गेली. घरी बसल्यावर पहिल्या महिन्यात मी सौ.च्या स्वयंपाकघरातल्या कारभारात काही सुधारणा सुचवल्या. दुसऱ्या महिन्यात तिने भाच्याला फोन केला. तो कॉम्प्युटरवाला. म्हणाला, "मामा, तुम्हाला तक्रारी वाचायची सवय आहे. आमच्याकडे या. पगार नाही, पेन्शन नाही, साहेब नाही." शेवटच्या कलमावर भाळून मी होकार दिला.

'आमच्याकडे' म्हणजे एका ओपन सोर्स प्रोग्रॅमकडे. पत्रं, पुस्तकं, अहवाल लिहायचा प्रोग्रॅम. ओपन सोर्स म्हणजे काय, हे मला भाच्याने तीनदा समजावलं आणि मी सौ.ला एकदाच समजावलं. समजा, शेजारच्या वहिनी दिवाळीत चकल्या देतात. उत्तम होतात. पण भाजणीचं प्रमाण विचारलं, की 'अहो, मी अंदाजानेच घालते' असं म्हणून हसतात. इथे तसं नाही. इथे चकलीबरोबर प्रमाणही लिहून देतात. वर सांगतात, हवं तर बदला, आणि तुमची चकली आणखी चार जणांना वाटा. मात्र वाटाल तेव्हा प्रमाणही द्या. सौ. म्हणाली, "असल्या लोकांचा संसार कसा होतो?" या प्रश्नाकडे आपल्याला पुढे यायचंच आहे.

प्रोग्रॅममधल्या दोषाला इंग्रजीत बग म्हणजे किडा म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू या अगडबंब यंत्रात खरोखरच एक पतंग सापडला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि खाली लिहिलं, की प्रत्यक्ष किडा सापडल्याची ही पहिलीच वेळ. ती वही अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात पतंगासकट आहे. किडा हा शब्द मात्र त्याहून जुना. यंत्रातल्या खोडीला एडिसन १८७८ मध्येच बग म्हणत होता. दोषावरच्या इलाजाला पॅच म्हणतात, म्हणजे चक्क ठिगळ. पूर्वी प्रोग्रॅम कागदी फितीवर भोकं पाडून लिहीत. चूक झाली, की तेवढ्या भागावर कागदाचा तुकडा चिकटवत. पुढे १९८५ मध्ये लॅरी वॉल नावाच्या गृहस्थाने 'पॅच' नावाचाच प्रोग्रॅम लिहिला. त्यामुळे अख्खा प्रोग्रॅम न पाठवता 'ही ओळ उणे, ही ओळ अधिक' एवढंच पाठवून ठिगळ लावता येऊ लागलं. संसारातही अशी सोय असती, तर 'तुमचा स्वभावच वाईट' असं न म्हणता माणसाने 'ओळ ४२ बदला' एवढंच सांगितलं असतं.

माझं काम किडा मारण्याचं नाही आणि ठिगळ शिवण्याचंही नाही. ते तरुण लोक करतात. मी फक्त तक्रारी लावतो. ऐकायला सोपं वाटतं, पण लोक तक्रार कशी करतात हे ज्याने पाहिलंय तो असं म्हणणार नाही. चांगल्या तक्रारीत चार गोष्टी लागतात: प्रोग्रॅमची कितवी आवृत्ती, तुम्ही क्रमाने काय काय केलंत, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. प्रत्यक्षात पत्र येतं, 'चालत नाही.' काय चालत नाही, कधीपासून, कुठे, पत्ता नाही. डॉक्टरकडे जाऊन 'कसंतरीच होतंय' म्हणणारी आणि वर 'ते तुम्ही ओळखायचं' असं सुनावणारी जी माणसं असतात, तीच पुढे कॉम्प्युटर घेतात.

मग दुबार तक्रारी. चाळीत पाणी आलं नाही, की बत्तीस बिऱ्हाडं बत्तीस स्वतंत्र तक्रारी करतात आणि प्रत्येकाला वाटतं, की आपल्याच नळावर डूख आहे. इथेही तसंच. त्या सगळ्या ओळखून एकीच्या पोटात घालायच्या. जिची तक्रार दुबार ठरते त्या व्यक्तीला फार वाईट वाटतं. आपलं दुःख अगदी आपलं आहे, हा माणसाचा शेवटचा अभिमान असतो आणि मी त्यावर 'दुबार, मूळ तक्रार पाहा' असा शिक्का मारतो.

शिक्के ठरलेले असतात. मोझिला या प्रकल्पाच्या लोकांनी १९९८ मध्ये बगझिला नावाची तक्रारवही बनवली. त्या घराण्यातल्या वह्यांत हे शेरे चालत आले आहेत. अपुष्ट. नवी. दुबार. दुरुस्त. दुरुस्त करणार नाही. आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे 'वर्क्स फॉर मी', माझ्याकडे चालतं! हा शेरा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला भरूनच आलं. बँकेत एकतीस वर्षं मी हेच वाक्य शोधत होतो. घरीही त्याचा उपयोग होऊ लागला. सौ. म्हणाली, "अहो, न्हाणीघरातला नळ रात्री टपटपतो." मी सकाळी जाऊन पाहिलं. कोरडा ठणठणीत. म्हटलं, "माझ्याकडे चालतो."

आता मूळ प्रश्न. फुकट घेतलेल्या वस्तूबद्दल कुरकुर करायचा माणसाला अधिकार आहे का?

कायद्याने विचाराल तर नाही. असल्या प्रोग्रॅमबरोबर जो परवाना येतो, त्यात मोठ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं असतं, की वस्तू आहे तशी दिली आहे, कसलीही हमी नाही, नुकसान झालं तर आम्ही जबाबदार नाही. बँकेत आम्ही असला मजकूर बारीक अक्षरांत छापत असू. इथे मोठ्या अक्षरांत छापतात, एवढाच काय तो प्रामाणिकपणाचा फरक. तरी लोक ऐकत नाहीत. एका गृहस्थांनी मला लिहिलं होतं, 'चोवीस तासांत दुरुस्त करा, नाहीतर पैसे परत करा.' मी बँकेतला माणूस. शून्य रुपयांवर चोवीस तासांचं व्याज काढून पाठवायचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरला.

पण हमी नाही म्हणून दात मोजायचेच नाहीत, असं ठरवलं तर काय होतं? ओपन एसएसएल नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आहे. जगातल्या कितीतरी बँका, दुकानं, टपालपेट्या यांच्या दारांना त्याचीच कडी असते. ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री, जग फटाक्यांची वाट पाहत असताना, त्यात एक नवं ठिगळ बसलं. दोन कॉम्प्युटरांनी एकमेकांना अधूनमधून 'आहेस ना रे?' असं विचारायची सोय. एक म्हणतो, 'हा माझा शब्द, इतक्या अक्षरांचा, परत पाठव.' दुसरा पाठवतो. पण शब्द खरोखर तितक्या अक्षरांचा आहे का, हे मोजायचं राहून गेलं. शेजारणीने चमचाभर साखर आणून द्यावी, चार दिवसांनी 'माझी घमेलंभर साखर परत द्या' म्हणावं आणि आपण घमेलं भरताना साखर संपली म्हणून डब्यामागचे दागिनेही त्यात ओतावेत, तसला प्रकार. एका खेपेला चौसष्ट हजार अक्षरांपर्यंत, आणि त्यात कुणाचा पासवर्ड असेल सांगता येत नाही. दोन वर्षं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. एप्रिल २०१४ मध्ये बोभाटा झाला तेव्हा कळलं, की या कडीच्या देखभालीसाठी वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर वर्गणी जमत होती. गाय सगळे पीत होते. दात मोजायला आणि पेंढा टाकायला कुणी नव्हतं. असल्या लोकांचा संसार कसा होतो, हा सौ.चा प्रश्न तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांना पडला आणि त्यांनी घाईघाईने पट्टी जमवली.

तेव्हा दात मोजायला हवेत. मोजणारा हा गायीचा शत्रू नव्हे. हे डॉनल्ड नूथ या थोर प्राध्यापकांना फार आधी कळलं. त्यांच्या पुस्तकात कुणी चूक दाखवली, की ते त्याला २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवत. सोळाच्या पटीने मोजलं तर २५६ हा आकडा शंभर असा लिहितात, म्हणून तो त्यांचा एक डॉलर. लोकांनी हे चेक वटवले नाहीत, चौकटीत घालून भिंतीवर लावले. पुढे खातेक्रमांकांच्या चोऱ्या होऊ लागल्या, तेव्हा २००८ पासून ते खरे चेक बंद करून एका काल्पनिक बँकेची प्रमाणपत्रं देऊ लागले. ज्या बँकेत पैसे काढायला कुणी येत नाही आणि तक्रार करणारा खातेदार आनंदात असतो, अशा बँकेत माझी बदली झाली नाही, हे माझं दुर्दैव.

मात्र मोजणाऱ्यानेही हात सांभाळायला हवा. एक्सझेड नावाचा, फायली दाबून लहान करणारा एक प्रोग्रॅम आहे. तो एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. २०२२ च्या सुमारास त्याच्यामागे काही अनोळखी नावांनी लकडा लावला, की ठिगळं पडून आहेत, तुला वेळ नसेल तर दुसऱ्याला दे. त्याच काळात एक गुणी मदतनीस ठिगळं पाठवत होता. नेटकी, नम्र, वेळेवर. दमलेल्या माणसाने हळूहळू किल्ली त्याच्या हाती दिली. २०२४ मध्ये त्या मदतनिसाने त्यात चोरदरवाजा बसवला. लकडा लावणारे त्याचेच साथीदार असावेत, असा दाट संशय आहे. हा दरवाजा सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनियरला, आणि तोही कसा, तर कॉम्प्युटरमध्ये शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं म्हणून. 'माझ्याकडे चालतं' म्हणायला अर्धा सेकंद म्हणजे किती सुरेख निमित्त होतं! त्याने ते म्हटलं नाही.

मी मात्र म्हटलं होतं. ती हकीगत सांगायची टाळत मी इथवर आलो.

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका निवृत्त शिक्षिकेची तक्रार आली होती. बाईंनी जात्यावरच्या बाराशे ओव्या जमवून आमच्या प्रोग्रॅममध्ये टंकल्या होत्या आणि शब्दसूची करायला घेतली होती. तक्रार दोन ओळींची. ''दुसऱ्या' हा शब्द शोधते तर सगळीकडे सापडत नाही. पण तो मला समोर दिसतोय.' आवृत्ती नाही, क्रम नाही, काही नाही. मी शास्त्रशुद्ध तपासणी केली. कोऱ्या पानावर 'दुसऱ्या' टंकलं, 'दुसऱ्या' शोधलं, 'दुसऱ्या' सापडलं. शेरा मारला, माझ्याकडे चालतं. आठ दिवसांनी बाईंचं उत्तर आलं, 'समोर दिसतोय हो.' त्या 'हो'कडे मी लक्ष दिलं नाही. नमुना फाईल जोडल्याशिवाय तक्रार पुन्हा उघडता येणार नाही, असा नियम कळवला. नियम खरा होता. फाईल आली नाही. मी वही मिटली आणि त्या दिवशी आपण सात तक्रारी निकालात काढल्या असं सौ.ला जेवताना सांगितलं.

दोन वर्षांनी जर्मनीतल्या एका मराठी मुलाने तीच तक्रार पाठवली, दोन ओळींच्या फाईलसकट. तेव्हा उलगडा झाला. 'दुसऱ्या'मधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र कॉम्प्युटरच्या पोटात दोन तऱ्हांनी ठेवता येतो. एक, नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी, साधा र घ्यायचा, पाय मोडायचा आणि त्यापुढे एक अदृश्य, शून्य रुंदीचं जोडचिन्ह ठेवायचं. पडद्यावर दोन्ही 'दुसऱ्या' जुळ्या भावांसारखे दिसतात, पोटात निराळे. आमचा प्रोग्रॅम एकाला शोधताना दुसऱ्याला ओळखच देत नव्हता. बाईंनी निम्म्या ओव्या शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर टंकल्या होत्या, निम्म्या घरच्या. आणि मी? मी एकाच कळफलकावर टंकलं आणि त्याच कळफलकावर शोधलं. मीच लपवलं, मीच शोधलं, मलाच सापडलं. अशा लपंडावात कोण हरणार?

मुलाने अकरा ओळींचं ठिगळ पाठवलं. ते तपासणाऱ्यांनी चाचणी मागितली, मोकळ्या जागा नीट करायला लावल्या, एका नावावरून वाद घातला, आणि पाच महिन्यांनी ठिगळ बसलं. असल्या ठिगळाखाली, तक्रार कुणी केली त्याचं नाव लिहायची चांगली पद्धत लिनक्सवाल्यांनी पाडली आहे. मी हट्ट धरून बाईंचं नाव आधी घालायला लावलं आणि त्यांना पत्र लिहिलं. चूक तुमची नव्हती, आमची होती, त्यातही माझी. नवी आवृत्ती घ्या, आता सापडेल.

चार दिवसांनी उत्तर आलं. 'आता सापडतं. आभारी आहे. तेव्हा मला वाटलं, मलाच कॉम्प्युटर येत नाही. म्हणून सूची हातानेच केली. तीन महिने लागले. पण ठीक आहे, अक्षर चांगलं राहिलं.'

रागाचा एक शब्द नाही. शून्य रुपये परत मागणाऱ्या त्या गृहस्थांची मला त्या क्षणी फार आठवण झाली. ते असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी फुकटेपणाच्या प्रश्नावर पुष्कळ डोकं शिणवलं. बाईंचं आम्ही काय देणं लागत होतो? दुरुस्ती? नाही. ती कुणाला जमली तर जमली. परवान्यात तसं स्वच्छ लिहिलं आहे. गाय देणाऱ्याने दुधाची हमी दिलेली नसते. पण 'माझ्याकडे चालतं' म्हणताना मी दूध नाकारत नव्हतो. समोर दिसणारा शब्द बाईंना दिसतोय, हेच मी नाकारत होतो. ज्यांनी चाळीस वर्षं पोरांच्या वह्यांतले ऱ्हस्वदीर्घ तपासले, त्यांना मी त्यांच्या डोळ्यांवर शंका घ्यायला लावली. हे नुकसान कुठल्याही परवान्यात मोडत नाही. फुकट देणारा माणूस काहीही नाकारू शकतो. मात्र घेणारा खरं बोलतोय, एवढं धरून त्याच्या कळफलकाने एकदा टंकून पाहणं त्याला टाळता येत नाही. आणि घेणाऱ्याने दात जरूर मोजावे, पण मोजताना कितवा दात ते सांगावं आणि गाय देणाऱ्याच्या पाठीत काठी घालू नये. याहून मोठं तत्त्वज्ञान मला निघालं नाही. आता मी तो शेरा मारायच्या आधी एक प्रश्न विचारतो, 'तुम्हाला काय दिसतंय, ते जसंच्या तसं सांगाल का?' तक्रारी निकालात काढायचा माझा वेग दिवसाला तीनवर आला आहे. भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही स्लो झालात." मी त्याला म्हणतो, अर्धा सेकंद.

त्याच रात्री मला जाग आली. दोन वाजले होते. मी स्टूल घेऊन न्हाणीघरात जाऊन बसलो, दिवा न लावता. पाणीपुरवठा बंद असलेल्या सकाळी नळ कोरडा असणारच, हे मला स्टुलावर बसल्यावर सुचलं. रात्री टाकी भरलेली असते. टप. मी मनात आकडे मोजले. टप. दर नऊ आकड्यांना एक थेंब, चांगला गोलमटोल.

सौ. दारात येऊन उभी राहिली. "अहो, काय करताय अंधारात?"

"तुझी तक्रार खरी आहे," मी म्हणालो. "पुष्टी झाली."

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "दीड वर्ष झालं सांगतेय. साधा वायसर गेलाय. आता तो बदलणार कोण?"

यावर मी 'माहिती हवी' असा शेरा मारून झोपायला गेलो.